आयोडीनबाईंचा चमचा

आयोडीनबाईंची बोटं बारा महिने तपकिरी. घासा, खरवडा, साबण चोळा, काही उपयोग नाही. जुना डाग जायच्या आत बाईंनी नवीन बाटली उघडलेली असायची. म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पुढेपुढे शिपाईसुद्धा खरं नाव विसरला. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाई मदतनीस म्हणून लागल्या तेव्हा त्यांची लेक रांगत होती. आता ती लेक दुसऱ्या गावी स्वतःचा संसार सांभाळत होती, आणि बाई मात्र तिथंच. तीच खोली, तेच एका पायानं डुगडुगणारं स्टूल, खिडकीखालचं तेच बेसिन.

पण बाई खऱ्या गाजल्या होत्या त्या बोटांमुळे नव्हे, लाळेमुळे. हसू नका, खरं सांगतोय.

पहिल्या वर्षाच्या मुलांना पचनाचा पहिला धडा असतो तो तोंडातला. स्टार्च, म्हणजे पिठातला तो पांढरा भाग, पाण्यात उकळून त्याची पातळ खळ करायची. तिच्यात आयोडीनचा थेंब पडला की ती होते निळीशार, दौतीतल्या शाईसारखी. मग दुसऱ्या नळीतल्या खळीत थोडी लाळ घालायची, नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात उभी करायची, आणि थोड्या थोड्या वेळानं त्यातला एकेक थेंब काढून पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनला लावून बघायचा. पहिला निळा, पुढचा जांभळा, मग तांबूस. आणि मग काहीच नाही, आयोडीन आपलं पिवळंच्या पिवळं. लाळेतल्या अमायलेज नावाच्या एन्झाइमनं स्टार्चचे तुकडे तुकडे करून त्याची साखर केलेली असते.

पोरं थुंकायला लाजायची. परीक्षानळी तोंडासमोर धरून नुसती एकमेकांकडे बघत खिदळायची. बाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "आता का लाजताय? रस्त्यावर तर कुणी सांगायला लागत नाही!" तरी निम्म्या नळ्यांचा निळा रंग हटायचा नाही. कुणी नुकतीच आंबट गोळी चघळलेली, कुणी नळी जास्त तापवून एन्झाइम मारून टाकलेलं. मग मॅडम, म्हणजे विभागाच्या मुख्य, हाक मारायच्या, "बाई, तुमचा खजिना उघडा." बाई तोंड खळखळून धुवायच्या, लाळ सुटावी म्हणून पांढऱ्या मेणाचा तुकडा चघळायच्या आणि स्वच्छ नळीत लाळ काढून द्यायच्या. निळा रंग बघता बघता पळायचा. मॅडमनी एकदा अभ्यासासाठी अख्ख्या कॉलेजातल्या लोकांच्या लाळा तपासल्या होत्या, त्यात बाईंची सगळ्यांत तेज निघाली. बाई वरवर म्हणायच्या, "कसलं मेलं कौतुक, थुंकीचं!" पण घरी जाऊन ते नवऱ्याला सांगताना त्यांचे गाल वर आले होते.

नवरा बुकबाइंडर. कॉलेजच्या रस्त्यालाच त्यांचं दुकान, अरुंद आणि लांबलचक. आत कागदांच्या थप्प्या, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, आणि मागच्या कोपऱ्यात स्टोव्हवर रटरटणारी खळ. माणूस असा बोलका की गिऱ्हाईक बांधलेलं पुस्तक काउंटरवर विसरून जायचं आणि गप्पा तेवढ्या घेऊन जायचं. दुकानात त्यांचा एकच नियम कडक होता. ब्रशचे केस ओठांनी सारखे करायची कामगारांना सवय असते. तसा तोंडाला लावलेला ब्रश खळीच्या भांड्यात बुडवला की बाइंडर जागचे उठायचेच. "गेली! खळ गेली! आता संध्याकाळपर्यंत हिला पाणी सुटतंय की नाही बघा!" आणि सुटायचंच. चिकटपणा जायचा, पुठ्ठ्यावरचं कापड सुटून हातात यायचं. असं का होतं ते त्यांना माहीत नव्हतं. वडिलांनी सांगितलं म्हणून ते पाळायचे.

नोकरीला लागल्यावर एकदा बाई दुकानात चहा घेऊन गेल्या असताना हा आरडाओरडा त्यांच्या कानावर पडला आणि त्या खो खो हसत सुटल्या. "अहो, तेच तर माझं काम! खळ म्हणजे स्टार्च, आणि लाळ त्याची करते साखर." बाइंडर डोळे मोठे करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी ज्याच्या नावानं शंख करतो, त्याच्यावर तुझा पगार चालतो!" त्या दिवसापासून बाई दुकानाच्या पायरीवर दिसल्या रे दिसल्या की ते खळीच्या भांड्यावर तळहात पालथा घालायचे आणि ओरडायचे, "आली, आली! भांडं झाका!" कामगार हसायचे, बाई लटक्या रागानं चहाची किटली आपटायच्या. इतक्या वर्षांत हा विनोद शिळा कसा झाला नाही, देव जाणे.

आणि मग एके दुपारी तोच माणूस प्रेसच्या शेजारी कोसळला. हातात कापड कापायची कात्री होती ती खाली पडली आणि उचलता येईना. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एवढ्या बडबड्या माणसाजवळ एकच शब्द उरला, 'हो'. भूक लागली का, तर हो. लागली नाही का, तरी हो. दुखतंय का, हो. मी कोण, ओळखलंत का, हो. मान हलवायचे तीही कधी आडवी, कधी उभी, तिचा भरवसा नाही. डॉक्टर म्हणाले, "आत सगळं कळतंय त्यांना. बाहेर पाठवायचा रस्ता बंद झालाय." बाईंनी हॉस्पिटलच्या जिन्यात पदर तोंडात कोंबून रडून घेतलं, तोंड धुतलं, आणि वर येऊन त्यांची दाढी करायला बसल्या.

घरी सोडताना गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टनं बाईंना समोर बसवून सांगितलं, "एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. पाणी, चहा, दूध, सूप, पातळ काही म्हणजे काही यांच्या पोटात जाता कामा नये. घशाचे स्नायू मंद झालेत. पातळ घोट झटकन घसरतो आणि श्वासनलिकेत शिरतो, तिथून फुप्फुसात. एकदा छाती भरली की यांना झेपणार नाही. ही पावडर घालून सगळं घट्ट करा. चमचा कलता केला की गोळा पडला पाहिजे, धार नाही. आणि घाई अजिबात करू नका."

डब्यावर लिहिलं होतं, मक्याचा स्टार्च. बाईंनी वाचलं आणि किती दिवसांनी त्यांना हसू आलं. "अहो, ही तर तुमचीच खळ! आयुष्यभर पुस्तकांना पाजलीत, आता तुम्ही प्या." बाइंडर अर्ध्या तोंडानं हसले. म्हणाले, "हो."

बाईंनी बिनपगारी रजा टाकली आणि कंबर कसली. पहिल्याच दिवशी एक घोळ झाला. चहा कढत होता हे त्यांना कळलं नाही, आणि बाइंडरांच्या ओठांच्या उजव्या बाजूला तर काहीच कळत नव्हतं. संध्याकाळी तिथं फोड टरारलेला दिसला. बाईंचा जीव कळवळला. त्यांनी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेजारीण ऐकून आत आली. तेव्हापासून नियमच झाला, चमचा आधी आपल्या ओठांना लावायचा, थोडं चाटून बघायचं, मग त्यांच्या तोंडात द्यायचा. परत कपात बुडवायचा, परत ओठांना. आणि घाई नाही. एकेक कप चहा पाजायला अर्धी सकाळ गेली तरी बाई हूं की चूं करत नसत. इतक्या मायेनं कुणी तान्ह्या बाळालाही भरवत नसेल.

सुरुवातीचे चमचे छान जायचे. कप निम्म्यावर आला की मात्र खोकला सुरू व्हायचा. बाईंना वाटायचं, दमले. कधी कपाच्या तळाशी सैलसर लागायचं, तर वाटायचं, आपणच नीट ढवळलं नाही, वर गुठळ्या राहिल्या आणि खाली पाणी. दुसऱ्या दिवशी त्या मनगट दुखेपर्यंत ढवळायच्या. खोकला काही थांबायचा नाही.

आणि तिथंच बाइंडर हट्टाला पेटायचे. डाव्या हाताच्या नखानं चमच्यावर टकटक करायचे. मग तेच बोट बाईंच्या तोंडाकडे न्यायचे. मग कपावर तळहात पालथा घालायचे आणि तो काढू द्यायचे नाहीत. तोंडानं आपलं "हो, हो, हो." डोळ्यांत पाणी.

बाईंना त्याचा अर्थ सरळ दिसत होता. मला पुरे, उरलेलं तू पी. तू कुठं काही खातेस? त्यांना भडभडून यायचं. जन्मभर या माणसानं आपल्याआधी घास घेतला नाही, आणि आता या अवस्थेतसुद्धा आपलीच काळजी! मग त्यांचं मन राखायला बाई कपातले दोन चमचे स्वतः प्यायच्या, मिटक्या मारून दाखवायच्या. "घ्या, प्याले. झालं समाधान? आता तुमची पाळी." तोच चमचा परत कपात. बाइंडर ओठ घट्ट मिटून घ्यायचे. एकदा बाई चिडल्याही. "काय लहान मुलासारखं मांडलंय हे!" म्हणत त्यांनी तो हात धरून बाजूला केला. मग लगेच वाईट वाटून त्यांच्या गालावरून हात फिरवला. "एवढा शेवटचा. माझ्यासाठी."

तेवढं म्हटलं की तोंड उघडायचं.

अंगात कणकण राहू लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि कपाळाला आठी घातली. "उजव्या बाजूला थोडं जमलंय. औषधानं निघेल. पण आता पातळ काही जाऊ देऊ नका. आणखी भर पडली तर माझ्या हातात काही राहणार नाही." बाई म्हणाल्या, "नाही हो डॉक्टर, थेंबसुद्धा देत नाही." आणि ते त्यांच्या लेखी खरंच होतं.

लेक धावत आली. तिचा हातभार मिळाला तेव्हा कुठं बाईंच्या जिवाला जरा उसंत मिळाली. त्यांनी तिला सगळं दाखवलं, पावडर किती, ढवळायचं कसं, मान किती खाली करायची, चमचा आधी आपल्या ओठांना कसा लावायचा. लेक हुशार, एकदा बघून शिकली. त्यातच मॅडमचा फोन आला. पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं, नवा माणूस बावचळला होता, एकच दिवस येऊन जाल का? बाई नकोच म्हणत होत्या. लेकच म्हणाली, "जा गं आई. मी आहे ना. तुलाही जरा चार माणसं दिसतील."

प्रयोगशाळेत सगळं होतं तसंच होतं. स्टूल डुगडुगत होतं. पोरं लाजत होती. बाईंनी एप्रन चढवला आणि जरा वेळ त्या खरंच घरचं विसरल्या. एका मुलीनं स्टार्च मोजताना चूक केली आणि तिची खळ झाली घट्ट गोळा. काचेची कांडी त्यात खांबासारखी उभी राहिली. पोरगी रडकुंडीला आली. बाई म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? ही पण पातळ होते. बघा रे सगळे इकडे." त्यांनी चंचुपात्र कोमट पाण्यात ठेवलं, तोंड धुतलं, मेण चघळलं आणि आपली लाळ त्यात सोडली. कांडीनं एकदा ढवळलं. कांडी परत उभी केली.

पोरं डोळे लावून बघत होती. थोडा वेळ कांडी उभी राहिली. मग जराशी कलली. मग सावकाश कडेला जाऊन टेकली. बाईंनी पात्र वाकडं केलं, तर खळ पाण्यासारखी धार धरून वाहिली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम हसून म्हणाल्या, "बघा, काय लाळ आहे!"

बाईंच्या हातून पात्र बेसिनमध्ये पडलं.

चमच्यावर टकटक. बोट तोंडाकडे. कपावर पालथा तळहात. अरे देवा! तो माणूस 'तू पी' म्हणत नव्हता. तो रोज, रोज, तळमळून, उरलेल्या एका हातानं सांगत होता, चमचा तोंडाला लावून भांड्यात घालू नकोस, खळीला पाणी सुटतंय. भांडं झाका, आली, आली, भांडं झाका! आणि हे जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं. ज्या बाईनं हेच दाखवत जन्म घालवला, तिला कळू नये? कपात चमच्याबरोबर आपली लाळ जात होती, त्यांची जात होती, कोमट चहात ती आपलं काम करत होती, आणि आपण मायेनं, सावकाश, तिला हवा तेवढा वेळ देत होतो. आणि तळाचं ते पाणी 'माझ्यासाठी' म्हणत त्यांच्या घशात ओतत होतो.

बाई एप्रनसकट रस्त्यावर आल्या. लोक वळून बघत होते. पायात गोळे येत होते, तरी त्या पळत होत्या. मनात एकच घोकणी चालली होती, दोन चमचे, दोन कप, थोडं थोडं काढून घ्यायचं, उरलेलं झाकून ठेवायचं. इतकं सोपं. इतकं सोपं होतं ते.

लेकीनं दार उघडलं, चेहरा नुसता फुललेला. "आई, इतक्यात आलीस? अगं, आज बाबांनी पूर्ण कप संपवला! जरा ठसका लागला, पण मी सोडलं नाही. अगदी तुझ्यासारखं केलं, प्रत्येक चमचा ओठांना लावून."

बाई तिला ओलांडून आत गेल्या. बाइंडर उशीला टेकून बसले होते. श्वासात घरघर होती आणि ओठ निळसर पडले होते.

हॉस्पिटलात नेलं, नळ्या लावल्या, सगळं केलं. डॉक्टर म्हणाले ते खरं ठरलं, त्यांच्या हातात काही राहिलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी नर्स बाहेर गेली तेव्हा बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "अहो, मला कळलं. उशिरा कळलं. भांडं झाकलंय आता मी." त्यांनी त्यांचा डावा हात उचलून आपल्या हातावर पालथा ठेवला. मास्कच्या आतून आवाज आला, "हो." आता तो 'हो' कळल्याचा होता की नुसताच, हे सांगायला कुणी नाही. बाईंनी तो जपून ठेवला. संध्याकाळच्या आत ते गेले.

डॉक्टरांनी सांगितलं, अशा रुग्णांत हे होतं, कुणाचा दोष नसतो. आलेगेले लोक म्हणाले, बाईंनी सेवा मात्र फार केली हो. बाई खाली मान घालून ऐकत होत्या आणि आतून जळत होत्या. हे एकटीनं पोटात ठेवणं त्यांच्यानं होईना. माणसं पांगली तेव्हा त्यांनी ठरवलं, लेकीला सगळं सांगायचं. आपलीच पोर आहे, रडेल, रागावेल, पण निदान एका माणसाला खरं माहीत असेल.

लेक स्वयंपाकघरात तो कप विसळत होती. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ऐक गं, मला तुला काही सांगायचंय."

"आधी मी सांगते," लेक म्हणाली. तिनं कप पुसून छातीशी धरला होता. "त्या दिवशी ना, मी पाजत होते तेव्हा बाबा सारखे चमच्यावर टकटक करत होते. मग माझ्या तोंडाकडे बोट करायचे आणि कप झाकून धरायचे. मला आधी कळेचना. मग कळलं. मला म्हणत होते, तू पी. स्वतःला एवढं बरं नाही, आणि मला पी म्हणत होते गं! तसंच म्हणत होते ना, आई?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. पोरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्याच रडण्यात ती हसतही होती. शेवटचा कप हिच्या हातचा होता.

"हो," बाई म्हणाल्या. "तसंच म्हणत होते."

"मी प्याले दोन चमचे. त्यांच्यासाठी."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या, आणि कप तिच्या हातातून घेऊन फळीवर पालथा ठेवला.